छोटा चर्चागट बरा की मोठा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन चर्चागट चालवणारे, चालवू पाहणारे आणि नुसते वाचणारे, सगळ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं मॉडरेटरच्या, म्हणजे गटावर देखरेख ठेवणाऱ्याच्या, खुर्चीतून लिहिली आहेत, त्यामुळे अधूनमधून त्या कामाचा वैतागही डोकावेल. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही.

छोटा गट म्हणजे किती जणांचा?

आधी नोंदणीचा आकडा बाजूला ठेवा. तो भारदस्त दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहीत असतो. गटागणिक आकडे हलतात, कल मात्र तोच दिसतो. म्हणजे वीस हजार सदस्य असलेल्या गटात महिनाभरात दोनशे जण लिहीत असतील, तर चर्चेच्या दृष्टीने तो दोनशेंचाच गट.

मी एक साधी कसोटी लावतो. या आठवड्यात लिहिलेल्या कोणत्याही दहा जणांची नावं घ्या. एखादा नवा विषय निघाला तर त्यातला प्रत्येक जण साधारण काय म्हणेल, याचा अंदाज तुम्हाला बांधता येतो का? सात-आठ जणांचा आला तर गट छोटा. दोन-तीन जणांचाच आला तर मोठा.

ते दीडशे माणसांचं गणित इथे लागू होतं का?

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा बाह्य भाग आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचा संबंध मांडला आणि त्यावरून माणूस साधारण दीडशे जणांशीच खरी ओळख टिकवू शकतो, असा आकडा काढला. तो अंदाज होता, आणि त्यातली चुकीची शक्यता धरली तर पल्ला बराच रुंद होतो. त्यावर आक्षेपही भरपूर घेतले गेले आहेत. ‘दीडशे झाले, आता नोंदणी बंद करा’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. माणसं लक्षात ठेवण्याला मर्यादा आहे, एवढंच त्यातून घ्यावं.

सदस्य वाढले की नेमकं काय बदलतं?

सगळ्यात आधी आठवण तुटते, आणि बाकीचं बरंचसं त्यातून येतं.

साधा हिशोब करा. दहा जणांमध्ये ओळखीच्या ४५ जोड्या होऊ शकतात. शंभर जणांमध्ये ४,९५०. हजार जणांमध्ये ४,९९,५००. माणसं शंभरपट झाली तर जोड्या दहा हजारपटीहून अधिक वाढतात. इतक्या जोड्यांना एकमेकांचा इतिहास माहीत असणं अशक्यच.

छोट्या गटात लिहिलेलं वाक्य एकटं वाचलं जात नाही. लिहिणारा कोण, तो तिरकस बोलतो का, मागच्या वर्षी याच विषयावर त्याने काय म्हटलं होतं, त्याचं आणि समोरच्याचं कधी बिनसलं होतं का, हे सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यात असतं. म्हणून तिथे अर्धं वाक्य चालतं, थट्टा चालते, ‘तुला माहीतच आहे माझं मत’ म्हणून पुढे जाता येतं. मोठ्या गटात तेच वाक्य अनोळखी माणसाच्या पुढ्यात नुसतं येऊन पडतं. उपरोध आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. मग लिहिणारे हळूहळू सावध होतात. प्रत्येक प्रतिसादाच्या आधी खुलासा, नंतर खुलासा, मध्ये हसरा चेहरा. काही जण उलट्या बाजूला जातात आणि सगळ्यात मोठ्याने बोलू लागतात, कारण गर्दीत तेवढंच ऐकू येतं.

दुसरा बदल नियमांचा. छोट्या गटात ‘अरे, जरा सांभाळून’ असा एक व्यनि (व्यक्तिगत निरोप) पुरतो. मोठ्या गटात तोच व्यनि वाचून सदस्य विचारतो, ‘कोणत्या नियमानुसार?’ प्रश्न रास्तच आहे. तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हाला ओळखत नाही, तेव्हा मध्ये लिखित नियमच हवा. मग एक नियम येतो, त्याचा अपवाद येतो, अपवादाचा गैरफायदा घेणारा येतो आणि नियमावली लांबत जाते. लोक याला नोकरशाही म्हणून नावं ठेवतात. मला विचाराल तर ती ओळखीच्या जागी आलेली तडजोड आहे, आणि अनोळखी सदस्यावर अन्याय होऊ नये याची ती एकमेव सोयही आहे.

माहिती हवी असेल तर मोठा गटच बरा, नाही का?

ज्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे, त्यासाठी हो. प्रोग्रॅमिंगमधली एखादी विचित्र त्रुटी, बंद पडलेल्या जुन्या कॅमेऱ्याचा एखादा सुटा भाग, एखादा फारच दुर्मीळ आजार, अशा गोष्टींसाठी ‘हे आपल्यासोबत घडलंय’ म्हणणारा एक तरी माणूस सापडावा लागतो. तो हजारांत असण्यापेक्षा लाखांत असण्याची शक्यता कितीतरी जास्त. २००८ साली सुरू झालेलं स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ उभं राहिलं ते याच बळावर. एकदा मिळालेलं चांगलं उत्तर पुढे वर्षानुवर्षं शोधयंत्रातून येणाऱ्यांच्या कामी येतं, हा मोठ्या आणि खुल्या गटाचा फायदा छोट्या बंद गटाला कधीच मिळत नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मोठ्या सर्वसाधारण गटापेक्षा छोटा पण त्याच विषयाचा गट पुष्कळदा सरस ठरतो, कारण तिथले सगळेच त्या वाटेने गेलेले असतात. आणि मोठ्या गटात उत्तर मिळतं ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं. ‘नोकरी सोडू का?’ असं विचारलंत तर शंभर जण हो म्हणतील, शंभर नाही म्हणतील. छोट्या गटात कुणीतरी म्हणेल, ‘गेल्या दिवाळीतही तू हेच विचारत होतास, तेव्हा नवीन साहेब आले होते. आता काय झालं?’ अशा प्रश्नाला आठवण लागते.

आणखी एक. गर्दीच्या धाग्यावर, म्हणजे एका विषयावर चाललेल्या चर्चेत, पहिल्या तासात आलेलं, आटोपशीर आणि आत्मविश्वासाने ठोकलेलं उत्तर वर जाऊन बसतं. जाणकार माणूस संध्याकाळी सवडीने नीट लिहितो, तोवर धागा तिसऱ्या पानावर गेलेला असतो. छोट्या गटात धागा आठवडाभर जागा असतो, त्यामुळे उशिराच्या प्रतिसादालाही वाचक मिळतो.

मोठ्या गटात दर्जेदार चर्चा होतच नाही, हे खरं का?

नाही. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरचा ‘आस्क हिस्टोरियन्स’ हा इतिहासविषयक गट बघा. सदस्य दहा लाखांच्या कितीतरी पुढे आहेत, आणि तिथली उत्तरं सविस्तर असतात. आधार विचारला तर द्यावा लागतो. मात्र त्यासाठी स्वयंसेवक मॉडरेटर प्रतिसादांमागून प्रतिसाद उडवत असतात. एखादा लोकप्रिय प्रश्न उघडावा तर खाली नुसती ‘काढून टाकले’ची रांग, आणि उत्तराचा अजून पत्ता नाही. नव्या माणसाची यावर चिडचिड होते. त्या गटाने हा व्यवहार उघड्या डोळ्यांनी केला आहे: गप्पा गेल्या, दर्जा राहिला.

मोठ्या गटात दर्जा टिकवायचा तर कुणीतरी रोज झाडलोट करावी लागते, आणि ज्यांचं उडवलं त्यांच्या शिव्या खाव्या लागतात. ही तयारी नसेल तर दर्जाचा आग्रह धरू नये.

लाइक, गुण, मतदान असावं का?

मोठ्या गटात काही ना काही लागतंच, कारण सगळं कुणीच वाचू शकत नाही. १९९७ साली सुरू झालेल्या स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चेच्या संकेतस्थळाने यावर डोकं चांगलं चालवलं होतं. तिथे प्रतिसादांना उणे एक ते पाच असे गुण मिळत. गुण देण्याचा अधिकार पात्र सदस्यांपैकी काहींना अधूनमधून, मोजकाच आणि थोड्या दिवसांपुरता मिळे. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिलं त्या चर्चेत गुण देता येत नसत. शिवाय दिलेले गुण योग्य होते का, हे इतर सदस्य पुन्हा तपासत. सत्ता थोडी, तात्पुरती आणि तपासली जाणारी. आजच्या अमर्याद लाइकांच्या तुलनेत ही व्यवस्था मला अजूनही जास्त शहाणी वाटते.

छोट्या गटात मतदान शक्यतो नकोच. वीस जणांत दोन नापसंती पडल्या की लिहिणारा दिवसभर ‘हे दोघं कोण?’ याच विचारात राहतो. पटलं नाही तर नाव घालून दोन ओळी लिहाव्यात, पटलं तर ‘अनुमोदन’ म्हणावं.

छोट्या गटाचे तोटे सांगा. सगळे कौतुकच करतात.

करतातच, कारण कौतुक करणारे बहुतेक आतले असतात.

पहिला तोटा कंपूबाजीचा. जुने पाच-सात जण एकमेकांच्या धाग्यांवर लगेच हजर होतात, जुने विनोद पुन्हा सांगतात, आणि नव्या माणसाच्या पहिल्या धाग्यावर स्मशानशांतता असते. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. म्हणूनच तक्रार केली तर जुने खरोखर दुखावतात: ‘आम्ही कुठे कुणाला अडवलं?’

दुसरा तोटा याहून गंभीर आहे. मोठ्या गटात एक दांडगट माणूस असला तर तो हजारांतला एक. पंधरा जणांच्या गटात तो गटाचा पंधरावा हिस्सा असतो, आणि पुष्कळदा सुरुवातीपासूनचा, मदतीला धावणारा, सगळ्यांचा मित्र. त्याच्या बोलण्याने दोघं-तिघं गुपचूप निघून जातात. राहिलेले म्हणतात, ‘त्याचा स्वभावच तसा, मनाने चांगला आहे.’ मोठ्या गटात ज्याला आठवड्याची बंदी सहज झाली असती, त्याला छोट्या गटात कुणी हात लावत नाही. आठवण गटाला बांधून ठेवते, तशीच ती डोळ्यांवर पट्टीही बांधते.

मग वेगळ्या मताच्या माणसाचा प्रश्न. बारा जणांत तुमचं मत वेगळं असेल तर तुम्ही एकटे. बारा हजारांत तुमच्यासारखे पन्नास तरी निघतात आणि ‘मी वेडा नाही’ एवढा दिलासा मिळतो. ज्यांच्याबद्दल उघड बोलणं अवघड असतं असे आजार किंवा नाती असलेली, किंवा श्रद्धा सोडलेली माणसं मोठ्या, अनोळखी गर्दीत मोकळी होतात ती यामुळेच. छोट्या गटात ‘माझ्या एका मैत्रिणीला’ असं लिहिलं तरी ती मैत्रीण कोण, हे चौघांना कळतं.

शिवाय सगळा डोलारा एक-दोघांवर असतो. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो आजारी पडला, कंटाळला किंवा लग्न होऊन संसारात अडकला, की गट थंड.

वाचनमात्र सदस्य फुकटे असतात का?

अजिबात नाही. मोठ्या गटाचा बहुतांश वाचकवर्ग तोच असतो, आणि सगळेच लिहू लागले तर गट आठवडाभरात कोसळेल. छोट्या गटात मात्र त्यांची उपस्थिती जाणवते. तीस जणांत पंचवीस गप्प असतील तर उरलेल्या पाचांना कुणीतरी न्याहाळतंय असं वाटत राहतं. तिथे कधीतरी नाव घेऊन विचारावं, पण एकदाच.

नवे सदस्य एकदम आले तर काय होतं?

यावर चर्चागटांच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट यूजनेट या संगणकांच्या जाळ्यावरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेची आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९७९ मध्ये त्याची कल्पना निघाली आणि १९८० मध्ये ते सुरू झालं. तेव्हा ते मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधनसंस्थांपुरतं होतं. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांची भर पडे, त्यांना यूजनेट मिळे, आणि काही आठवडे गोंधळ चाले. तेच तेच प्रश्न, ओरडून लिहिणं, भलत्या गटात भलतेच विषय. जुनी मंडळी दटावत, रीत शिकवत, आणि काही आठवड्यांत नवे रुळत. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या, घरोघरी ऑनलाइन जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या असंख्य ग्राहकांना यूजनेट खुलं केलं आणि लोंढा थांबेचना. जुन्या मंडळींनी त्या काळाला नाव दिलं, ‘न संपणारा सप्टेंबर’.

या गोष्टीत सहसा नव्यांना खलनायक करतात. मला तसं वाटत नाही. दरवर्षी येणारेही नवेच होते, आणि ते शिकत होते. फरक वेगाचा होता. शंभर जुन्यांत पाच नवे आले तर पाचही जण जुन्यांकडे बघून शिकतात. शंभर जुन्यांत महिन्याभरात दोनशे नवे आले तर नवे एकमेकांकडे बघून शिकतात, आणि जुन्यांची रीत ही एका अल्पसंख्य कंपूची सवय ठरते. गट दहापट झाला तरी चालतं, ते दहा वर्षांत झालं तर. दहा दिवसांत दुप्पट होणं जास्त धोक्याचं.

म्हणून एखादा धागा बाहेर गाजला आणि नोंदणीची रांग लागली, तर सरळ दोन आठवडे नोंदणी थांबवा किंवा नव्यांना काही दिवस फक्त वाचू द्या. लोक रागावतील. पण ज्याला खरंच यायचं आहे तो पुन्हा येतो.

प्रवेशासाठी पैसे किंवा ओळख लावावी का?

थोडासा अडथळा कामाचा असतो. मेटाफिल्टर या १९९९ पासूनच्या गटाने २००४ मध्ये नव्या सदस्यांसाठी एकदाच भरायची पाच डॉलर फी लावली. पाच डॉलरमध्ये कुणी श्रीमंत होत नाही, पण रागाच्या भरात दहा डुआयडी (एकाच माणसाची बनावट जादा खाती) काढणाऱ्याचा हात आखडतो. त्याही आधी, १९८५ मध्ये स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी सुरू केलेला ‘द वेल’ हा गट सदस्यांकडून वर्गणी घेत असे आणि तिथे खरी ओळख लपवता येत नसे. ‘तुमच्या शब्दांचे मालक तुम्ही’ हे त्याचं ब्रीद जबाबदारी आणि हक्क दोन्ही सांगणारं होतं.

फीचा तोटाही उघड आहे. पैसे देण्याची सोय नसलेले आणि लाजणारे आधीच गळतात. ओळखीतून प्रवेश ठेवला तर आतल्यांसारखेच लोक येत राहतात आणि कंपू आणखी घट्ट होतो. माझा कल वेळेच्या अडथळ्याकडे आहे: नोंदणी मोफत, पहिला धागा आठवड्यानंतर.

खऱ्या नावाची सक्ती केली तर भांडणं कमी होतील का?

दक्षिण कोरियाने हे कायद्याने करून पाहिलं. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं बंधनकारक झालं, आणि पुढे रोज एक लाखाहून जास्त लोक येणाऱ्या संकेतस्थळांपर्यंत ते वाढवलं गेलं. कायद्यालाही गर्दीचीच धास्ती होती, छोट्या गटांना त्याने हात लावला नाही. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून साडेतीन कोटींच्या घरातल्या वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती रद्द केली.

छोट्या गटात कागदपत्रावरच्या नावाची गरज पडत नाही. आठ वर्षं एकाच टोपणनावाने लिहिणाऱ्याला ते नाव गमवायचं नसतं, आणि तेवढा धाक पुरतो. मोठ्या गटात टोपणनाव टाकून द्यायला काहीच लागत नाही, खरं नाव असलं तरी ते शेजाऱ्याला अनोळखीच असतं, आणि आपल्या खऱ्या नावानिशी बेताल लिहिणारे तर रोज दिसतात.

ट्रोल कुठे जास्त असतात?

मोठ्या गटात जास्त, कारण काडी टाकायला प्रेक्षक लागतो. छोट्या गटात मात्र घडी विस्कटायला एकच ट्रोल पुरतो. मोठ्या गटात दुर्लक्ष करा म्हणणं सोपं आहे, पण हजारांतला कुणी ना कुणी उत्तर देतोच. छोट्या गटात सगळ्यांनी ठरवून दुर्लक्ष करणं खरोखर जमतं.

व्हॉट्सॲपवर १,०२४ जण घेता येतात. घ्यावेत का?

चर्चेसाठी नको. ही मर्यादा काही वर्षं २५६ होती, २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. टेलिग्रामवर तर दोन लाखांपर्यंत जाता येतं. हे तंत्रज्ञान किती पेलतं याचे आकडे आहेत, माणसाचं लक्ष किती पेलतं याचे नाहीत.

इथे आकाराइतकाच आकृतिबंध महत्त्वाचा. धाग्यांच्या गटात पाच विषय शेजारी-शेजारी शांतपणे चालतात आणि अवांतर वेगळं काढता येतं. सरळ वाहणाऱ्या गप्पांत सगळं एकाच ओळीत येतं. दहा जण एका वेळी बोलू लागले की सकाळचा प्रश्न दुपारी दिसेनासा होतो. माझ्या अनुभवात अशा गटात तीस-चाळीस बोलणारे झाले की चर्चा संपते आणि शुभेच्छा उरतात. हजार जण हवेतच असतील तर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सूचनाफलकाची सोय करा, आणि त्याला चर्चा म्हणू नका.

मोठा गट फोडून छोटे करावेत का?

करावेत, पण विषय आधीच आपापले वेगळे होऊ लागले असतील तेव्हाच. रेडिटने २००८ मध्ये सदस्यांना स्वतःचे उपगट काढू दिले आणि त्यामुळेच एवढी मोठी गर्दी असूनही तिथे छोट्या गटाची ऊब काही कोपऱ्यांत टिकली. उलट, पन्नास सदस्य असताना उत्साहाच्या भरात ‘साहित्य’, ‘प्रवास’, ‘तंत्र’, ‘आरोग्य’ असे आठ विभाग करणारे ॲडमिन मी पुष्कळ पाहिले आहेत. नवा माणूस येतो, आठ ओस विभाग बघतो आणि परत जातो. सगळं एकाच ठिकाणी अपुरं पडू लागलं, लोक ‘हे वेगळं काढा की’ म्हणून भांडू लागले, की फोडायची वेळ झाली.

तिसरा मार्ग जोडलेल्या छोट्या गटांचा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर प्रत्येक सर्व्हरचे नियम, मॉडरेटर वेगळे असतात, पण सदस्य एकमेकांशी बोलू शकतात. एखादा सर्व्हर उपद्रवी ठरला तर बाकीचे त्याच्याशी संबंध तोडतात. कल्पना सुंदर आहे. व्यवहारात प्रत्येक छोट्या सर्व्हरच्या मागे देखभाल करणारा आणि बिलं भरणारा एक माणूस असतो, आणि तो दमला की त्याचे सदस्य नवं घर शोधत फिरतात.

दुसऱ्याच्या जागेवर गट चालवण्यात धोका आहे का?

आहे, आणि तो छोट्यामोठ्या सगळ्यांना आहे. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस बंद झालं. गूगल प्लस सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर २०१९ च्या शेवटी काढला गेला आणि पुढच्या डिसेंबरमध्ये सेवाच संपली. प्रत्येक वेळी थोडी मुदत मिळाली होती. मोठ्या गटांचा मजकूर वाचवायला बाहेरचे हौशी लोक धावून येतात. चाळीस जणांच्या गटातल्या दहा वर्षांच्या गप्पा वाचवायला कुणी येत नाही.

मोठ्या गटाच्या पदरात थोडी सौदाशक्ती असते. जून २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपवर लावलेल्या दरांच्या निषेधार्थ तिथले हजारो गट त्यांच्या मॉडरेटरांनी बंद ठेवले. जगभर बातमी झाली. दर मात्र लागू झालेच. जागा ज्याची, शेवटचा शब्द त्याचा. तेव्हा गट कुठेही असो, दर काही महिन्यांनी मजकुराची प्रत काढून ठेवा आणि सदस्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने एका वेगळ्या जागी ठेवा.

मॉडरेटर किती असावेत?

तीन, म्हणजे मतभेद झाला तर निकाल लागतो. मोठ्या गटात संख्येपेक्षा वेळा बघा: रात्री दोनला पेटलेला धागा सकाळी आठपर्यंत कुणाच्याच नजरेत आला नाही, तर मंडळात वीस नावं असून उपयोग नाही.

आमचा गट वाढावा अशी इच्छाच नाही. तो आहे तसा ठेवता येईल का?

पूर्ण दार लावून नाही. माणसं आपोआप गळत असतात: कुणाची बदली, कुणाचं मूल लहान, कुणाचा विषयातला रस संपला. वर्षाकाठी काही ना काही गळती होतेच. तेवढे नवे आत आले तर गट तसाच राहतो. दार पूर्ण बंद केलं तर गट तसाच राहतोय असं वाटत असतानाच आटत जातो. जितके गेले तितकेच घ्या, आणि नव्याच्या पहिल्या धाग्यावर किमान दोन जुन्यांनी लिहायचं अशी आपसांत बोली ठेवा. ही एक गोष्ट केली तरी अर्धी कंपूबाजी कमी होते.

आता बाराच जण लिहितात. गट बंद करावा का?

बारा जण लिहितात म्हणजे गट जिवंत आहे. शतकी (शंभर प्रतिसादांचे) धागे होत नाहीत म्हणून वाईट वाटत असेल तर ते जुन्या आकड्यांचं दुःख आहे. बघायचं ते एवढंच, की गेल्या महिन्यात कुणी कुणाला असं काही विचारलं का, ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं? विचारलं असेल तर चालू द्या. नुसत्या दुवे चिकटवणाऱ्या पोस्टी आणि वाढदिवस उरले असतील तर सदस्यांना सरळ विचारा.

बंद करायचं ठरलंच तर नीट करा. तारीख निदान एक महिना आधी सांगा. आधी नवीन लिहिणं थांबवा, वाचणं चालू ठेवा. ज्याला आपलं लेखन हवं त्याला ते उतरवून घेता येईल अशी सोय द्या, आणि ज्याला ते पुसून हवं त्याचं पुसा. व्यनि आणि पत्ते कुणाच्याही हाती न देता नष्ट करा. आणि कुणी सदस्य ‘मी पुढे चालवतो’ म्हणत पुढे आला, तर त्याच्या हाती पासवर्ड देण्याआधी बाकीच्या अकरा जणांना विचारा.